एक्स-रे डिटेक्टरचे अर्धवाहक स्फटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांतून, सराफा बाजारातून आणि रुग्णालयांच्या एक्स-रे खोल्यांतून येतात. मूळ विज्ञान सगळीकडे एकच आहे. पण इथला उन्हाळा, लोडशेडिंग आणि मे महिन्यात कोरडं पडलेलं अर्थिंग डिटेक्टरच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

वाचण्याआधी एक खुलासा. केव्ही म्हणजे ट्यूबला दिलेला किलोव्होल्टमधला दाब. केईव्ही म्हणजे एका फोटॉनची, म्हणजे एक्स-रेच्या एका कणाची ऊर्जा, किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. ५० केव्हीच्या ट्यूबमधून जास्तीत जास्त ५० केईव्हीचे फोटॉन निघतात, बहुतेक त्याहून बरेच कमी ऊर्जेचे असतात. या दोघांची गल्लत फार होते.

एक्स-रे स्फटिकात शिरला की नेमकं काय होतं?

फोटॉन एखाद्या अणूतल्या इलेक्ट्रॉनला आपली ऊर्जा देऊन टाकतो. तो इलेक्ट्रॉन धडका देत जातो आणि वाटेत हजारो इलेक्ट्रॉन-होल जोड्या मोकळ्या करतो (होल म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, ती धन भारासारखी वागते). एक जोडी सुटायला सिलिकॉनमध्ये सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, जर्मेनियममध्ये ३, कॅडमियम टेल्युराइडमध्ये ४.४ आणि कॅडमियम झिंक टेल्युराइडमध्ये, ज्याला सगळे सीझेडटी म्हणतात, ४.६. स्फटिकावर व्होल्टेज असतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका टोकाला आणि होल दुसऱ्या टोकाला ओढले जातात, आणि त्या हालचालीचा स्पंद प्रीअॅम्प्लिफायर मोजतो.

लोह-५५ या स्रोताचा ५.९ केईव्हीचा फोटॉन सिलिकॉनमध्ये सुमारे १,६०० जोड्या देतो. अमेरिशियम-२४१ चा ५९.५ केईव्हीचा फोटॉन सीझेडटीत सुमारे १२,८०० जोड्या देतो, म्हणजे जेमतेम २ फेम्टोकुलंब भार. एवढ्याशा भाराची मोजदाद करायची असल्यामुळेच बोटाचा ठसा, दमट हवा किंवा ढिली तार सगळं काम बिघडवू शकते.

सिलिकॉन स्वस्त आहे, चांगलं आहे. मग महागडा कॅडमियम टेल्युराइड कशासाठी?

कारण जास्त ऊर्जेचे एक्स-रे सिलिकॉनमधून आरपार निघून जातात. ५०० मायक्रॉन जाडीचं सिलिकॉन १० केईव्हीचे जवळपास सगळे फोटॉन अडवतं. २० केईव्हीला हेच प्रमाण ४० टक्क्यांवर येतं, ३० केईव्हीला १५ टक्क्यांवर आणि ६० केईव्हीला ४ टक्क्यांच्याही खाली. उलट १ मिमी कॅडमियम टेल्युराइड ६० केईव्हीचे ९५ टक्क्यांहून अधिक फोटॉन गिळतो आणि १०० केईव्हीचेही सुमारे ६० टक्के. सिलिकॉनचा अणुक्रमांक १४, कॅडमियमचा ४८, टेल्युरियमचा ५२, आणि फोटॉन पूर्ण शोषला जाण्याची शक्यता अणुक्रमांकाच्या साधारण चौथ्या-पाचव्या घाताने वाढते.

ढोबळ हिशेब असा: सुमारे २५ केईव्हीपर्यंतच्या कामाला सिलिकॉन, त्यापुढे कॅडमियम टेल्युराइड किंवा सीझेडटी. सोनं, माती किंवा पोलाद तपासणाऱ्या यंत्रात सिलिकॉनच शहाणपणाचं. तिथे कुणी "त्याहून भारी" म्हणून कॅडमियम टेल्युराइड गळ्यात मारत असेल, तर ते घेऊ नका; कमी ऊर्जेला त्याचं शिखर, म्हणजे वर्णपटाच्या आलेखातला उंचवटा, सिलिकॉनपेक्षा रुंद येतं.

मग जर्मेनियम का वापरत नाहीत?

वापरतात. काटेकोर वर्णपटासाठी आजही तोच सरस आहे. पण त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, फक्त ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीच्या तापमानाला उष्णतेनेच इतके इलेक्ट्रॉन सुटतात की सिग्नल त्यात बुडून जातो. म्हणून तो द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव ज्या नायट्रोजनच्या टाक्या फिरतात, त्यातलाच द्रव, फक्त इथे दर आठवड्याला मोठी टाकी भरावी लागते आणि एकही खाडा चालत नाही. विजेवर थंड होणारे जर्मेनियम डिटेक्टरही मिळतात, पण मग पुन्हा विजेवर भिस्त आली.

आमचं कॅरेटमीटर हिवाळ्यात ठीक चालतं, एप्रिल-मेमध्ये आकडे हलतात. डिटेक्टर गेला का?

बहुधा नाही. त्याला नीट थंडावा मिळत नाहीये.

कॅरेटमीटर म्हणजे एक्स-रेने सोन्याची शुद्धता मोजणारं यंत्र. त्यातला सिलिकॉन डिटेक्टर, पिन असो की ड्रिफ्ट प्रकारचा, आतल्या पेल्टियर कूलरने, म्हणजे विजेवर उष्णता खेचणाऱ्या छोट्या चकतीने थंड होतो. दोन टप्प्यांचा पेल्टियर हीटसिंकपेक्षा (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जास्तीत जास्त ८५ अंश खाली जाऊ शकतो. जानेवारीत दुकानात २५ अंश असताना हीटसिंक ३० ला राहतो आणि डिटेक्टर उणे ५० सहज गाठतो. मेमध्ये दुकानात ४३ अंश असतील तर हीटसिंक ५० ला जातो, आणि सगळी ताकद लावूनही डिटेक्टर उणे ३५ च्या खाली उतरत नाही. सिलिकॉनचा गळती करंट दर ७-८ अंशांना साधारण दुप्पट होतो. १५ अंशांचा फरक म्हणजे चौपट गळती. शिखरं रुंदावतात, थोडी सरकतात, आणि सोन्याची ९.७१ केईव्हीची रेषा (मूलद्रव्यातून निघणाऱ्या एक्स-रेची ठरलेली ऊर्जा म्हणजे त्याची रेषा) जस्ताच्या ९.५७ च्या रेषेत मिसळू लागते. सॉफ्टवेअर ती वेगळी काढायचा प्रयत्न करतं, पण प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देतं.

काय करायचं ते सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये डिटेक्टरचं तापमान दाखवणारी ओळ असते, ती आधी पाहा. ठरवलेलं आणि प्रत्यक्ष तापमान जुळत नसेल तर कॅलिब्रेशनच्या भानगडीत पडूच नका, आधी थंडाव्याचं बघा. यंत्राच्या मागच्या पंख्याची जाळी उघडून धूळ साफ करा. उन्हाळ्यात ती पंधरा दिवसांत बुजते. यंत्र दर्शनी काचेजवळच्या उन्हातून हलवा, मागे किमान वीतभर जागा मोकळी सोडा. एसी दुकान उघडल्यावर लगेच लावा, यंत्र अर्ध्या तासाने. मग प्रमाणित नमुना ठेवून ऊर्जा-कॅलिब्रेशन करा आणि शिखराची रुंदी वहीत लिहून ठेवा. तीच रुंदी महिन्यागणिक वाढत गेली, आणि तापमान मात्र बरोबर असलं, तर डिटेक्टरच्या आतली निर्वात पोकळी गळते आहे असं समजून कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवा.

लोडशेडिंगनंतर वीज आल्या आल्या मोजू नका. डिटेक्टर पुन्हा थंड व्हायला काही मिनिटं लागतात, ट्यूब स्थिरावायलाही. घरगुती चौरस-लहरी इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. ऑनलाइन यूपीएस लावा.

यंत्र २२ कॅरेट दाखवतं, आटवल्यावर कमी भरतं. डिटेक्टर खोटं बोलतोय?

डिटेक्टर त्याच्यापर्यंत पोहोचलं तेवढंच सांगतो. सोन्याच्या या रेषा सोन्यातूनच बाहेर येताना इतक्या शोषल्या जातात की जे दिसतं ते वरच्या सुमारे १० मायक्रॉनचं. जाड मुलाम्याखाली काय दडलंय ते डिटेक्टर कितीही महाग घेतला तरी कळणार नाही. कसोटीच्या दगडाचीही तीच मर्यादा आहे. संशय असेल तर कानशीने खोल घासून तिथे मोजा, किंवा आटवून, नीट ढवळून, लगडीच्या दोन्ही बाजू मोजा. निर्णायक चाचणी हॉलमार्किंग केंद्रातली अग्निपरीक्षाच.

केडीएमच्या, म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डागातलं कॅडमियम २३.२ केईव्हीला दिसतं, चांदीच्या २२.२ च्या शेजारी. सिलिकॉन तिथे फक्त तिसरा हिस्सा फोटॉन पकडतं, म्हणून अशा मोजणीला वेळ दुप्पट-तिप्पट द्या.

डिटेक्टरच्या तोंडावरचा राखाडी पत्रा साफ करू का?

नको. तो पत्रा नव्हे, बेरिलियमची खिडकी आहे. जाडी ८ ते २५ मायक्रॉन. बोट लावलं, ब्लोअरने हवा मारली, कानातली तार टेकली, की फुटते, आतली पोकळी जाते आणि डिटेक्टर संपतो. तिची दुरुस्ती नसते, डिटेक्टरच बदलावा लागतो. फुटलीच तर तुकड्यांना हात लावू नका, बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना घातक आहे. खिडकीच्या अलीकडे पातळ प्लॅस्टिक फिल्म असते, ती फाटली की लगेच बदला.

शेतातली माती तपासायला कुठला डिटेक्टर?

सिलिकॉन ड्रिफ्ट. लोह ६.४० केईव्हीला, जस्त ८.६४ ला, पालाश म्हणजे पोटॅशियम ३.३१ ला दिसतं. स्फुरद मात्र २.०१ केईव्हीला असतं आणि त्याचे फोटॉन १ सेंटिमीटर हवेतच जवळपास निम्मे शोषले जातात. त्यासाठी हीलियमचा झोत किंवा निर्वात कक्ष हवा. माती १०५ अंशांना वाळवून, बारीक दळून, गोळी दाबून घ्या. ओलसर काळी माती तशीच ठेवली तर आकडे कमीच येतील.

आणि हे शेतकऱ्याला आधीच सांगा: या यंत्रात दिसतं ते एकूण जस्त. पिकाला मिळणारं जस्त वेगळं, त्याला डीटीपीए या रसायनाने काढलेल्या अर्काचीच चाचणी लागते. एकूण जस्त भरपूर असूनही पिकावर कमतरता दिसू शकते.

सीझेडटीवर अमेरिशियमचं शिखर एका बाजूला ओघळलेलं का दिसतं?

होल मागे राहतात म्हणून. इलेक्ट्रॉन किंवा होल अडकण्याआधी सरासरी किती अंतर कापेल ते त्याची गतिशीलता, आयुष्य आणि विद्युतक्षेत्र यांच्या गुणाकाराने मिळतं. चांगल्या सीझेडटीत इलेक्ट्रॉनसाठी गतिशीलता गुणिले आयुष्य हे साधारण ५ हजारांश चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट धरू, होलसाठी १ लक्षांश. सेंटिमीटरला १,५०० व्होल्ट लावले तर इलेक्ट्रॉन ७.५ सेंटिमीटर जाऊ शकतो, होल जेमतेम ०.१५ मिमी. तुमचा स्फटिक २ मिमीचा. मग ज्या फोटॉनने आत खोलवर जोड्या सोडल्या त्यांचे होल वाटेतच अडकतात, स्पंद लहान येतो, आणि शिखराला डावीकडे शेपटी फुटते.

उपाय सोपे आधी. स्रोत ऋण टोकाच्या बाजूला ठेवा, म्हणजे होलला कमी चालावं लागेल आणि इलेक्ट्रॉन लांबचा प्रवास करतील. गळती वाढत नाही तोवर व्होल्टेज वाढवा. पुढची पायरी म्हणजे धन टोक छोट्या पिक्सेलमध्ये विभागणं: पिक्सेल जाडीपेक्षा लहान असला की स्पंद जवळजवळ फक्त इलेक्ट्रॉनचाच बनतो. १९९४ मध्ये पुढे आलेली कोप्लॅनर ग्रिड हीही त्याच विचाराची.

शेपटीखेरीज ३६ आणि ३२ केईव्हीच्या आसपास दोन लहान शिखरं दिसतील. कॅडमियमची २३.२ आणि टेल्युरियमची २७.५ केईव्हीची स्वतःची किरणं स्फटिकातून निसटतात, ५९.५ मधून ती वजा झाली की हेच उरतं. बेरियमची रेषाही ३२.२ ला आहे, त्यामुळे नवखे विद्यार्थी नमुन्यात बेरियम "शोधून" मोकळे होतात.

कॅडमियम टेल्युराइड सकाळी छान चालतो, तासाभराने मोजणी घटते. का?

याला ध्रुवीकरण म्हणतात. एका बाजूला इंडियम किंवा अॅल्युमिनियमचा शॉट्की कॉन्टॅक्ट असलेल्या स्फटिकात हे हमखास होतं. आतल्या खोल पातळ्यांवर भार साचत जातो, विद्युतक्षेत्र एका बाजूला गोळा होतं आणि बाकीचा स्फटिक आंधळा होतो. जितकी उष्णता जास्त तितकं हे लवकर. व्होल्टेज मिनिटभर बंद करून परत लावा, स्फटिक पूर्ववत होतो. लांब मोजणी असेल तर असा खंड ठरावीक वेळाने द्यायची सोय सर्किटमध्येच करा. थंड ठेवणं आणि जास्त व्होल्टेज लावणं यांनीही वेळ लांबतो. दोन्ही बाजूंना प्लॅटिनम असलेल्या तुकड्यात हा त्रास नसतो, पण गळती जास्त.

सीझेडटीत साधारण १० टक्के कॅडमियमच्या जागी जस्त असतं. बँडगॅप १.४४ वरून १.५७ च्या आसपास जातो आणि रोधकता १० अब्ज ओहम-सेंटिमीटर किंवा त्याहून वर, कॅडमियम टेल्युराइडच्या दसपट. म्हणून तो थंडाव्याशिवाय चालतो. त्याचं दुखणं वेगळं: आत टेल्युरियमचे बारीक कण अडकलेले असतात आणि ते इलेक्ट्रॉन गिळतात. ते पाहायला महागडं उपकरण लागत नाही. जुन्या वेबकॅममधला अवरक्त फिल्टर काढा, मागून ९४० नॅनोमीटरचा एलईडी लावा. सीझेडटी त्या प्रकाशाला पारदर्शक असल्याने कण काळ्या त्रिकोणी-षटकोनी ठिपक्यांसारखे दिसतात.

हा स्फटिक आपल्या महाविद्यालयात वाढवता येईल का?

नाद करू नका. कॅडमियम टेल्युराइड १,०९२ अंशांना वितळतो. ९९.९९९९ टक्के शुद्धतेचे घटक, आतून कार्बनचा थर दिलेली क्वार्ट्झची नळी, ती निर्वात करून सीलबंद, मग ब्रिजमन भट्टीत ताशी १ मिमीच्या आसपास वेगाने खाली सोडायची. १० सेंटिमीटरच्या कांडीला चार दिवस, वर थंड करायचे काही दिवस. या काळात दहा मिनिटं वीज गेली की गोठणारी कड उडी मारते, नवे कण तयार होतात आणि एकस्फटिक बनत नाही. कॅडमियम आणि टेल्युरियम एकत्र तापवताना घाई केली तर अभिक्रियेच्या उष्णतेने नळी फुटते आणि खोलीभर कॅडमियमची वाफ पसरते. तयार, कापलेला तुकडा विकत घ्या.

मग हाताने वाढवता येण्यासारखं काही?

पेरोव्हस्काइट. मेथिलअमोनियम लेड ब्रोमाइडचा नारिंगी स्फटिक एमएस्सीचा विद्यार्थी एका दिवसात वाढवू शकतो. १० मिली डीएमएफ (डायमेथिलफॉर्मामाइड) या द्रावकामध्ये ३.६७ ग्रॅम लेड ब्रोमाइड आणि १.१२ ग्रॅम मेथिलअमोनियम ब्रोमाइड खोलीच्या तापमानाला पूर्ण विरघळवा, ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा, झाकणबंद कुपी तेलाच्या बाथमध्ये ठेवून हळूहळू ८० अंशांपर्यंत न्या. काही तासांत चौकोनी स्फटिक दिसतात. मोठा एकच हवा असेल तर त्यातला नितळ छोटा निवडून ताज्या, आधीच गरम केलेल्या द्रावणात बीज म्हणून टाका.

यातली गंमत अशी की हा पदार्थ गरम द्रावणात कमी विरघळतो, नेहमीच्या उलट. त्यामुळे वीज गेली, बाथ थंड झाला, की वाढलेला स्फटिक पुन्हा विरघळून जातो. सकाळी येऊन पाहावं तर कुपीत नुसतं पाणीदार द्रावण. बाथच्या हीटरला बॅकअप द्या. स्फटिक काढतानाही गरम असतानाच चिमट्याने उचला, लगेच टिपकागदावर पुसा, नाहीतर पृष्ठभाग खडबडीत होतो. एकाच वेळी खूप जास्त केंद्रकं (स्फटिकाची सुरुवातीची बीजं) होत असतील तर द्रावण नीट गाळलेलं नाही किंवा तापमान घाईने वाढवलंय.

डीएमएफ कातडीतून शरीरात शिरतं, शिसं तर आहेच. फ्यूम हूड आणि ब्यूटिल रबरचे हातमोजे लागतात. साधे पातळ नायट्राइल पुरत नाहीत. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.

या स्फटिकांत आयन स्वतःच सरकतात, म्हणून अंधारातला करंट तासागणिक वाहवत जातो. शोधनिबंधातले संवेदनशीलतेचे प्रचंड आकडे पाहून हुरळून जाऊ नका. त्यात बरेचदा करंटची कृत्रिम वाढ असते, आणि तिच्यासोबत गोंगाटही वाढलेला असतो.

सीझेडटीचा तुकडा आणला आहे. कॉन्टॅक्ट (तार जोडायचे धातूचे थर) कसे करायचे, तुकडा चांगला आहे हे कसं ओळखायचं?

०.०५ मायक्रॉन अॅल्युमिनापर्यंत पॉलिश करा. मेथॅनॉलमध्ये २ टक्के ब्रोमीनचं ताजं द्रावण, फ्यूम हूडखाली, एक-दोन मिनिटं. मग स्वच्छ मेथॅनॉलने धुवा. दोन्ही बाजूंना सोनं, बाष्पीभवनाने किंवा गोल्ड क्लोराइडच्या थेंबाने. त्यानंतर कडा अमोनियम फ्लोराइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात दहा मिनिटं, प्लॅस्टिकच्या भांड्यात, काचेच्या नाही. तार चांदीच्या पेस्टने चिकटवा, सोल्डरिंग आयर्न जवळ आणू नका.

५×५×२ मिमी तुकड्याची रोधकता १० अब्ज ओहम-सेंटिमीटर असेल तर रोध ८ गिगाओहम, म्हणजे ३०० व्होल्टला सुमारे ३७ नॅनोअँपिअर. याच्या आसपास किंवा खाली असेल तर ठीक. दसपट दिसला तर दोष बहुधा कडांवरून वाहणाऱ्या करंटचा: आयसोप्रोपॅनॉलने पुसा, कोरड्या नायट्रोजनने वाळवा, परत मोजा. जुलै-ऑगस्टमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की स्फटिक सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येच ठेवावा आणि मोजणीच्या पेटीतही जेलची पुडी असावी. मोजताना पेटी पूर्ण अंधारी हवी. ट्यूबलाइटचा उजेड शिरला तरी करंट वाढतो. व्होल्टेज ५०-५० च्या पायऱ्यांनी चढवा.

वर्णपटात ५० हर्ट्झची घरघर आली तर स्फटिकाला दोष देण्याआधी अर्थिंगचा खड्डा पाहा. मेमध्ये काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थचा रोध वाढतो. दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा मोजा.

मॅमोग्राफीच्या पॅनलवर पांढरे ठिपके वाढत आहेत. सुटीत एसी बंद होता, त्याने होईल का?

होऊ शकतं. थेट पद्धतीच्या मॅमोग्राफी पॅनलमध्ये सुमारे २०० मायक्रॉनचा सेलेनियमचा थर असतो, तोही स्फटिक नव्हे, काचेसारखा अस्फटिक. त्यात थोडं आर्सेनिक मिसळतात ते त्याने स्फटिक बनू नये म्हणूनच. ४० अंशांच्या पुढे तो मऊ पडू लागतो, जागोजागी स्फटिकं धरतो आणि तिथे कायमचे ठिपके येतात. हे परत फिरत नाही. म्हणून खोलीचा एसी रात्री, रविवारी, दिवाळीतही चालू. जनरेटरवर तो एसी जोडलेला हवा. नवं पॅनल मे महिन्यात मुंबईहून लातूरला साध्या ट्रकने मागवू नका, तापमान-नियंत्रित वाहनच मागा. छातीच्या आणि हाडांच्या एक्स-रेचं साधं फ्लॅट पॅनल सहसा सीझियम आयोडाइडचं असतं, त्याला उष्णतेपेक्षा ओलाव्याची भीती जास्त.

हे स्फटिक आणखी कुठे वापरात आहेत?

२०१५ मध्ये सोडलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर ९७६ चौरस सेंटिमीटर सीझेडटी आहे. आदित्य-एल१ वरच्या हेलिओस उपकरणात कॅडमियम टेल्युराइड आणि सीझेडटी दोन्ही आहेत, आणि चंद्रयान-३ च्या रोव्हरने चंद्राची माती तपासली ती सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टरने, म्हणजे कॅरेटमीटरच्याच भावकीतल्या. फोटॉन मोजणारं पहिलं सीटी यंत्र अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं, तेही कॅडमियम टेल्युराइडवर.

परवानगी लागते का? आणि फुटलेल्या तुकड्याचं काय करायचं?

नुसत्या स्फटिकाला किरणोत्साराचा परवाना लागत नाही, तो स्वतः किरणोत्सारी नाही. एक्स-रे ट्यूब असलेल्या यंत्राला मात्र अणुऊर्जा नियामक परिषदेच्या ई-लोरा संकेतस्थळावरून रीतसर मंजुरी घ्यावी लागते. अमेरिशियम किंवा लोह-५५ सारखे स्रोत नवी मुंबईच्या ब्रिट या सरकारी संस्थेकडून मागवता येतात, तेही परिषदेच्या परवानगीनेच. लोह-५५ चं अर्धायुष्य २.७ वर्षं आहे, त्यामुळे विभागात पंधरा वर्षांपूर्वीचा स्रोत असेल तर त्यातून आता मूळच्या दोन टक्क्यांच्या आसपासच मिळेल. मोजणी कमी येते म्हणून डिटेक्टर बदलू नका.

सीझेडटी आणि कॅडमियम टेल्युराइड ठिसूळ असतात, चिमट्यातून निसटून फुटतातच. तुकडे ओल्या टिश्यूने उचला, झाडू मारू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून "कॅडमियम" असं लिहा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या. पॉलिशिंगचा गाळही त्याच बाटलीत जातो.